पट्टीची आत्या

कडं परत आलं त्या सकाळी कारखान्यात कुणाचा विश्वासच बसेना. आत्याच्या हाताखालून गेलेलं काम कधी परत आलेलं नव्हतं.

मालकांनी पुडी सोडून ते सोन्याचं कडं पांढऱ्या कागदावर ठेवलं आणि खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं. रुंद, चपटं, साधं कडं. नक्षी नाही, खडा नाही, नग नाही. अशा कामात चूक लपवायला जागाच नसते. कड्याच्या पाठीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओरखडे होते, मांजरानं पंजा मारावा तसे.

"हे आपल्याकडचंच आहे ना?" मालकांनी विचारलं. ते रागावलेले नव्हते. दुकानदारानं चुकून दुसऱ्या कुणाचा माल आपल्या गळ्यात मारला असेल, अशीच त्यांना आशा होती.

कडं आपलंच होतं. आतल्या बाजूला कारखान्याचा शिक्का होता.

आत्या खरं तर त्या कारखान्यातल्या एकाच मुलीची आत्या. ही भाची शेजारच्याच टेबलावर बसून तेच काम करायची. पण सगळा कारखाना तिला आत्याच म्हणायचा, तिच्याहून वयानं मोठे असलेले मालकसुद्धा. घडवणारे, जोडणारे, नग बसवणारे या सगळ्यांचं काम उरकलं की दागिना कानशीचे व्रण घेऊन आत्याच्या टेबलावर यायचा. ते व्रण घालवून अंग एकसारखं करणं हे तिचं काम. त्यासाठी तिच्याकडे लाकडाच्या पट्ट्या असायच्या, पॉलिश पेपर गुंडाळलेल्या. खरखरीत पेपरची पट्टी आधी, मग त्याहून बारीक, मग त्याहूनही बारीक. सपाट अंगाला सपाट पट्टी, अंगठीच्या आतल्या बाजूला गोल, कोपऱ्यात शिरायला तीनधारी. "आत्या पट्टीची कारागीर आहे," असा एक विनोद कारखान्यात कुणीतरी कधीतरी केला होता, आणि तो इतका जुना झाला होता की आता त्यावर कुणी हसायचं नाही. नवीन आलेल्याला मात्र तो आवर्जून सांगितला जायचा.

पट्ट्या ती स्वतः बनवायची, आपल्या आणि इतरांच्याही. बाजारात तयार मिळतात, पण त्यांना ती हात लावायची नाही. सुतार उरलेल्या लाकडाच्या चिपा आणून द्यायचा, त्यातून ती निवडायची. रेषा सरळ हव्यात, गाठ नको, लाकूड सुकलेलं हवं, कारण ओलं लाकूड पुढे पीळ धरतं आणि पट्टी वाकडी झाली की दागिन्याचं अंग लाटेसारखं होतं. मग पेपर पालथा घालायचा, त्यावर पट्टी ठेवायची, पट्टीच्या कडेला लागून ब्लेडच्या पाठीनं पेपरवर रेघ ओढायची आणि तिथे दुमडायचं. पुन्हा रेघ, पुन्हा दुमड. असे वेढे घट्ट बसवत शेवटचं टोक बारीक खिळ्यानं ठोकायचं. वरचा वेढा झिजला की फाडून टाकायचा, खाली नवा तयार. "सैल गुंडाळलंस की कोपरे गोल झाले," ती भाचीला सांगायची, "आणि पट्टीचे कोपरे गोल झाले की अंगठीच्या कडा लाडू." भाचीच्या कित्येक पट्ट्या तिनं सोडून परत गुंडाळायला लावल्या होत्या.

परत आलेलं कडं झगझगीत करायचं नव्हतं. गिऱ्हाइकाला मॅट हवं होतं, म्हणजे मोटरच्या चाकावर न नेता आत्याच्या सगळ्यात बारीक पट्टीनंच शेवटचा हात फिरवायचा. तिच्या टेबलावरून ते सरळ पुडीत गेलं होतं. मधे कुणी पाहिलं नाही. आत्याचं काम कुणी तपासत नसे.

भाचीला पहिली शंका स्वतःचीच आली. टेबलं झाडायचं काम तिचं. बारीक आणि खरखरीत पट्ट्यांचे ट्रे वेगळे ठेवायचे, एकाची धूळ दुसऱ्यावर पडू द्यायची नाही, हा आत्याचा पहिला नियम. तिनं बारीक पट्टी उचलून भिंगाखाली धरली. पेपरमध्ये खरखरीत पेपरचा एक काळा कण रुतून बसला होता. ओरखडे तिथूनच आले होते.

ट्रे झाडताना आपल्याच हातून तो कण उडाला असणार. ती मालकांना सांगायला उठलीही. पण अर्ध्या वाटेवर पाय थांबले. असा कण सगळ्यांच्याच पट्टीत कधी ना कधी अडकतो. पहिला ओरखडा उमटला की हात थांबतो, पट्टी पुसून, वेढा फाडून माणूस पुढे जातो. इथे तर ओरखड्यावर ओरखडे होते. आत्याचा हात थांबला कसा नाही?

मालकांनी कडं दुरुस्तीला आत्याकडेच दिलं. तिनं ते टेबलावर ठेवलं. खुर्ची ओढून बसली आणि नेहमीसारखं म्हणाली, "दिवा लाव गं."

तिच्या टेबलावरच्या दिव्याचं बटण भाचीच्या बाजूला होतं. भाचीनं ते दाबलं. दिवा लागला नाही. बल्ब गेला असावा. "थांब हं," असं ती म्हणणार, एवढ्यात आत्या बोलली.

"हं. आता बरं दिसतंय."

तिनं कडं उचललं, न लागलेल्या दिव्याखाली नेलं, एक डोळा बारीक करून ते हळूहळू फिरवलं आणि मान हलवली. "आहेत खरे ओरखडे. चांगलेच आहेत."

भाचीचं बोट बटणावरच राहिलं. तिला वाटलं, आत्या चेष्टा करतेय. पण आत्या कामाची चेष्टा करणारी नव्हती. भाचीनं दुसरा हात उचलला आणि आत्याच्या तोंडासमोर धरला, अगदी जवळ. आत्या त्या हातातून पलीकडे बघत म्हणाली, "मधली पट्टी दे, आधी ती घेते."

भाचीनं पट्टी दिली. मग "आले," म्हणून मागच्या मोरीत गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली. हात पाण्याखाली होते, पण पाणी गार आहे की कोमट तेही तिला कळत नव्हतं.

दोघी एका घरात राहायच्या. भाचीचे आईवडील ती लहान असतानाच गेले. आत्यानं स्वतःचा संसार मांडला नाही, भावाची दोन मुलं वाढवली. भाचीचा दादा आता ट्रक चालवायचा आणि बायकामुलांसह वेगळा राहायचा. घरात उरल्या या दोघी, दोन खोल्यांत. रोज एका ताटलीतला पोळीचा तुकडा वाटून खाणाऱ्या. आणि एकीला दिसत नाही हे दुसरीला माहीत नव्हतं.

मोरीत उभ्या उभ्या तिला एकेक गोष्ट सापडत गेली. जिना उतरताना आत्या खांद्यावर हात ठेवायची. गुडघे दुखतात म्हणायची. नगांची कामं तिनं सोडून दिली होती; "ती तुम्ही पोरींनी करा, माझा हात साध्या कामावर बसलाय." वर्तमानपत्र भाचीनं मोठ्यानं वाचायचं, "तुझं वाचन सुधारेल." घरातली खुर्ची वीतभर सरकली तरी आत्या चिडायची, आणि दादा म्हणायचा, हे घर आहे की लष्कराची छावणी. लाकूड निवडताना पूर्वी ती चिप डोळ्यासमोर धरून लांबीनं पाहायची, आता खालच्या ओठावरून फिरवायची आणि टेबलावर हलकेच आपटून कान द्यायची. ते पाहून भाची मनात म्हणायची, याला म्हणतात कारागिरी. तिनं स्वतःही ओठावरून लाकूड फिरवून पाहिलं होतं.

जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली. आत्या डबा उघडत होती.

"आत्या, सकाळी दिवा लागलाच नव्हता."

डब्याचं झाकण आत्याच्या हातात तसंच राहिलं. "कुठला दिवा?"

"तुझा. बल्ब गेलाय."

आत्यानं झाकण खाली ठेवलं. तिनं नाकबूल केलं नाही, हाच भाचीला दुसरा धक्का होता. ती दाराच्या दिशेनं तोंड करून बसली, कुणी येतंय का ते ऐकत.

"किती दिसतं तुला?"

"खिडकी कुठे आहे ते कळतं."

"आणि मी?"

"तुझा आवाज येतो ना." मग म्हणाली, "एकदम काही झालं नाही गं. कडेकडेनं जात गेलं. आधी दारातून बघितल्यासारखं, मग फटीतून. मध्ये बरीच वर्षं फटीतून छान चाललं होतं. या वर्षी फटही बुजली."

"मग बोलली का नाहीस? डॉक्टरकडे गेलो असतो."

"माझ्या वडिलांचंही असंच झालं होतं. सगळे म्हणाले, वयानं होतं ते. खाटेवर बसवून ठेवलं त्यांना, शेवटपर्यंत. चहा हातात द्यायचे आणि कप हातातून घ्यायचे. मी बोलले असते तर मलाही इथून उठवलं असतं. घरी बसून काय केलं असतं मी?"

भाचीनं डबा तिच्याजवळ सरकवला. आत्याच पुढे बोलली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा हलला. "डोळ्यांचं सोड. पण कडं माझ्या हाताला गुळगुळीत लागलं होतं. मी दोनदा बोट फिरवलं होतं. दोनदा." तिनं अंगठा पहिल्या बोटावर घासून पाहिला, जणू तिथे काही बिघडलंय का ते तपासत होती. डोळे गेले तरी बोटं सगळं सांगतात, या एका विश्वासावर ती इतके दिवस उभी होती. बोटांनीही खोटं सांगितलं, हे तिला कुठे ठेवावं कळत नव्हतं.

दुपारी ती स्वतःच मालकांकडे गेली. भाचीला मागे थांबायला सांगितलं, पण दार उघडंच होतं. मालक आधी हसले. मग त्यांनी आत्याचा चेहरा पाहिला आणि खुर्चीत बसले.

"म्हणजे आता, या क्षणी, मी तुम्हाला दिसत नाही?"

"नाही."

"मग त्या मागच्या महिन्यातल्या अंगठ्या? ती लांब साखळी?"

"सगळं मीच केलं. ते चांगलं झालं होतं ना?"

"फारच चांगलं झालं होतं," मालक म्हणाले.

बाहेर बातमी पसरायला वेळ लागला नाही. मोटरवर पॉलिश करणारा गडी सगळ्यात जास्त हादरला. "रोज सकाळी मला म्हणायची, आज शर्ट शोभतोय तुला," तो म्हणत राहिला. "रोज म्हणायची. मी त्या भरवशावर दोन शर्ट घेतले तसलेच." कुणी हसलं नाही. तोही हसण्यासाठी बोलला नव्हता.

मालकांनी तिला कामावरून काढलं नाही, पण टेबलावरून उठवलं. खोलीत गॅसच्या ज्योती असतात, तेजाबाची भांडी असतात, वायरी पसरलेल्या असतात. इतके दिवस काही झालं नाही याचाच त्यांना आता घाम फुटला होता. "डोळे दाखवा आधी," ते म्हणाले, "मग बोलू." त्यांचं बरोबर होतं. आत्यालाही ते कळलं. तरी निघताना तिनं आपल्या टेबलाची कड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपली, आणि भाचीला ते बघवलं नाही.

डोळ्यांची डॉक्टर तरुण बाई होती, सावकाश बोलणारी. तिनं आत्याच्या डोळ्यात थेंब घातले, यंत्रातून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाली, "काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस हळूहळू मरते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. आता फार पुढे गेलंय. गेलेली नजर परत येत नाही, आजी. उजेड कळतो तेवढा टिकवायचा प्रयत्न करू."

आत्यानं मान डोलावली. तिला हे अपेक्षितच होतं. भाची मात्र रडली. ऑपरेशन होईल, चष्मा मिळेल, असं काहीतरी तिनं मनात धरलं होतं.

"घरात आणखी कुणाला होता हा त्रास?" डॉक्टरनं विचारलं.

"माझ्या वडिलांना," आत्या म्हणाली. "भावाचं कळलं नाही. तो लवकर गेला."

"आणि या कोण?"

"त्याच भावाची मुलगी."

डॉक्टरनं हातातलं पेन खाली ठेवलं. "मग तुम्ही बसा आता या खुर्चीत," ती भाचीला म्हणाली.

भाची जवळजवळ हसलीच. सुईच्या टोकाएवढ्या नगाभोवतीची कड ती भिंगाशिवाय घासून दाखवायची. तिला एका यंत्रापुढे बसवलं, एक डोळा झाकला, हातात बटण दिलं. समोरच्या पांढऱ्या वाटीत बारीक उजेडाचे ठिपके लागतील, दिसला की दाबायचं. तिनं मन लावून दाबलं. एकही सोडला नाही, अशी तिची खात्री होती.

कागद बाहेर आला. त्यावर डाव्या डोळ्याच्या चित्रात नाकाच्या बाजूला एक काळी चंद्रकोर होती.

"तिथे ठिपके लागले होते," डॉक्टर म्हणाली. "तुम्हाला दिसले नाहीत."

"पण मला सगळं दिसतं."

"तुमच्या आत्यांनाही सुरुवातीला सगळं दिसत होतं."

भाचीला खोली किंचित दूर गेल्यासारखी वाटली. तिनं डावा हात नाकाशी धरून पाहिला, बोटं हलवली. बोटं दिसत होती. काहीही हरवलेलं जाणवत नव्हतं, आणि भीती त्याचीच होती. डॉक्टर बोलत होती: लवकर सापडलंय, दाब थेंबांनी खाली येईल, रोज न चुकता घालायचे, जन्मभर, आहे ती नजर टिकेल. शब्द कानावर पडत होते. तिच्या मनात मात्र एकच गोष्ट फिरत होती, की आज आपण आत्याला घेऊन आलो म्हणून हे कळलं, नाहीतर आपणही दारातून बघत राहिलो असतो.

आत्या हे सगळं ऐकत होती. तिचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट आवळला होता. घरी आल्यावर चप्पल काढताना म्हणाली, "मी आधी बोलले असते तर तुझं आधीच कळलं असतं."

तसं काही नाही, असं भाचीला म्हणता आलं असतं. ती म्हणाली नाही. "हो," ती म्हणाली. "कळलं असतं."

त्यानंतर घरात बरेच दिवस गरजेपुरतंच बोलणं झालं. भाची सकाळ-संध्याकाळ आरशासमोर मान मागे टाकून थेंब घालायची, निम्मे गालावर सांडायचे. तिला राग होता, आणि ज्या बाईनं आपल्याला वाढवलं तिच्यावर राग आहे याची लाजही होती. एकदा ती उसळून बोलली, "तू लपवलंस ते फक्त तुझं नव्हतं." आत्या पलंगाच्या कडेला बसली होती. "मला ते माहीत नव्हतं," ती म्हणाली. "माहीत असतं तर मी भर रस्त्यात ओरडून सांगितलं असतं." भाची तिच्या शेजारी जाऊन बसली. पुढे त्या विषयावर दोघी भांडल्या नाहीत.

मालकांचा निरोप आला तो पट्ट्यांसाठी. आत्या टेबलावरून उठल्यापासून जो तो आपापली पट्टी गुंडाळत होता आणि कडा गोल होत होत्या. आत्या घरी बसून पट्ट्या करील का, असं त्यांनी विचारलं होतं. आत्या आधी नको म्हणाली. ज्या हातानं कडं बिघडवलं तो हात नको, म्हणाली. पण सुतारानं चिपांची मोळी दारात आणून टाकली तेव्हा ती जमिनीवर बसलीच. एकेक चीप ओठावरून फिरवली, आपटून ऐकली, गाठीची बाजूला टाकली, पिळलेली बाजूला टाकली. पेपरवर पट्टी ठेवली, कडेनं ब्लेडची पाठ ओढली, दुमडलं, अंगठ्यानं दाबत पुढे गेली. वेढा इतका घट्ट बसला की पेपर आणि लाकूड एकच वाटावं. पट्टी तयार झाल्यावर तिनं नेहमीसारखं बोट फिरवलं. मग पट्टी भाचीपुढे धरली.

"बघ," ती म्हणाली. "कण आहे का एखादा?"

आत्यानं आपलं काम दुसऱ्याला बघायला सांगितलेलं भाचीनं पहिल्यांदाच ऐकलं. तिनं भिंग घेतलं, पट्टी चारी बाजूंनी पाहिली. "नाही. स्वच्छ आहे." हीच त्यांची रीत झाली. आत्या करायची, भाची बघायची, आणि बारीक पेपरच्या पट्ट्या भाची लगेच वेगळ्या कागदात बांधून ठेवायची.

राहिला दादा. भाचीनं त्याला फोनवर सगळं सांगितलं. डोळे दाखवून घे म्हणाली. त्यानं हो हो म्हटलं आणि गेला नाही. पुन्हा सांगितलं, पुन्हा हो हो. ट्रक चालवणाऱ्याच्या डोळ्यात खोट निघाली तर हातातलं काम जातं, ही त्याची भीती भाचीला कळत होती. आत्याला तर ती कुणाहीपेक्षा जास्त कळत होती.

कारखान्याच्या एका सुट्टीच्या दिवशी आत्या म्हणाली, "मला त्याच्याकडे घेऊन चल." तिथे पोचल्यावर ती आत गेली नाही. दाराबाहेरच्या पायरीवर बसली. सून पाणी घेऊन आली, आत या म्हणाली. आत्या म्हणाली, "तो चप्पल घालून बाहेर येईल तेव्हा उठेन."

दादा दारात आला. "आत्या, लोक बघतायत."

"बघू देत. त्यांना दिसतंय ना."

"मला सगळं नीट दिसतं गं. रात्रंदिवस गाडी चालवतो मी."

"मीही नीट काम करत होते," आत्या म्हणाली. "तुझ्या बहिणीला विचार. घरातल्या घरात तिलाही कळलं नाही."

दादानं बहिणीकडे पाहिलं. मग आत जाऊन शर्ट बदलून आला आणि चप्पल घातली. तिघंही गेली. त्या यंत्रापुढे बसण्याआधी त्यानं शर्टाच्या बाहीनं दोन्ही डोळे पुसून घेतले, असं भाची नंतर सांगायची. आत्या बाहेर बाकावर बसून दाराच्या आवाजाकडे कान लावून होती.

तो बाहेर आला आणि तिच्यापुढे उकिडवा बसला. "माझे ठीक आहेत, आत्या. दरवर्षी दाखवायचे म्हणाल्या, पण ठीक आहेत."

आत्यानं त्याचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, कपाळ, भुवया, मिटलेल्या पापण्या. हात खाली आणायला तिला वेळ लागला.

"मुलांचे कधी दाखवतोस?" तिनं विचारलं.